जित्याचं सुतक

बायजाक्का आमच्या कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी तिच्याच नावाच्या पुरस्काराच्या निमंत्रणपत्रिका पाकिटात भरत होतो.

ती बायजाक्का आहे हे मला ठाऊक नव्हतं. दारात एक वाळलेली म्हातारी, अंगावर विटलेलं हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला एक उंच, अधू डोळ्यांचा म्हातारा, एवढंच मला दिसलं. अशी माणसं आमच्याकडे रोज यायची. कला विभागाचं जिल्ह्याचं कार्यालय होतं ते. गोंधळी, सनईवाले, सोंगं काढणारे, उमेदीत गावंच्या गावं जागवलेली माणसं म्हातारपणी आमचा जिना चढायची आणि वर आल्यावर आधी दम खायची.

“सायेब,” म्हातारी धापा टाकत म्हणाली, “माजं मरण कुणी लिवलंय, त्येला बगाय आलेय.”

मला हसू आलं. सरकारी नोकरीला तीन वर्षं झाली होती, अजून कायम व्हायचा होतो, आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकून हसायची सवय तेवढी आधीच कायम झाली होती.

“बसा आजी. काय काम आहे?”

तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आमच्याच खात्याच्या वृद्ध कलावंत निवासाचं ते पत्र होतं. खाट क्रमांक सात. श्रीमती बायजाबाई लेंगरेकर, सोबत एक साथीदार. त्या ओळीवर तांबड्या शाईची आडवी रेघ होती आणि बाजूला कुणीतरी लिहिलं होतं: ‘लाभार्थी मयत. शासन निर्णय पाहावा.’

ते नाव मी पुन्हा वाचलं. समोरच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रिकेवर तेच नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं: ‘कै. शाहीर बायजाबाई लेंगरेकर लोककला पुरस्कार’. मी हजेरीचं रजिस्टर ओढून घाईघाईने त्या गठ्ठ्यावर ठेवलं. म्हातारीने रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

बायजाबाई कोण हे आमच्या पिढीला सांगावं लागत नव्हतं. सहावीच्या पुस्तकात आम्हाला तिच्यावर धडा होता. कलगी-तुऱ्याच्या फडात, जिथे एक शाहीर गाण्यातून कोडं घालतो आणि दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवायचं असतं, तिथे ही बाई डफ घेऊन पुरुषांसमोर उभी राहायची आणि भल्याभल्यांना गप्प करायची. तिने दिल्लीला जाऊन राष्ट्रपतींसमोर डफ वाजवला होता. धड्यात तिचं चित्र होतं: डफ डोक्याच्या वर धरलेला, मान मागे टाकलेली, तिशीतली बाई. धड्याखाली प्रश्न होता, ‘बायजाबाई कोणत्या गुणांमुळे अमर झाल्या?’

आणि माझ्या घोड्याने नेमकी तिथेच पेंड खाल्ली होती. पुरस्काराचा प्रस्ताव आला तेव्हा तो टंकायला माझ्याकडे दिला होता. धड्यातली माणसं मेलेलीच असतात, आणि ज्याच्या नावाने पुरस्कार देतात तोही मेलेलाच असतो, अशी माझी समजूत. कुणाला विचारावं असं वाटलंसुद्धा नाही. नावाआधी माझ्या बोटांनी आपोआप ‘कै.’ उमटवलं. एक अक्षर, एक टिंब. प्रस्ताव खालून वर गेला, त्यावर नऊ सह्या झाल्या, शासन निर्णय निघाला, आणि नऊ जणांतल्या एकालाही वाटलं नाही की बाई जिवंत असेल.

“सायेब,” आता म्हातारा बोलला. आवाज मात्र खणखणीत, वयाला न शोभणारा. “आमी ऱ्हातोय ती धरमशाळा पाडायची हाय. द्येवळाचं काम काडलंय. दत्तजयंतीपातूर जागा सोडा म्हणलंय पंचांनी. ह्या खाटंवर आमचा समदा भरवसा हुता बगा. अक्काला दमा हाय. थंडीत उगड्यावर…”

“तायप्पा, गप,” ती म्हणाली. “रडगाणं गायला आलो न्हाई आपण. सायेब, मी जिती हाय. हात लावून बगा. तेवडं कागदावर लिवा, म्हंजे मी जाते.”

“बघतो आजी,” मी म्हणालो. “उद्या-परवा बघतो.”

दत्तजयंतीला सोळा दिवस होते.

आमचे अधिकारी गलांडे साहेब हे काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना बायजाबाईचे सवाल तोंडपाठ होते, खुशीत असले की टेबलावर बोटांनी ताल धरून म्हणायचे. बाई जिवंत आहे हे ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

“खरंच जिवंत आहे?”

“आत्ता खाली जिना उतरतायत साहेब. खिडकीतून दिसतील.”

ते खिडकीपाशी गेले. एका पायरीवर एकेक पाय टेकत दोघं उतरत होती. पुढे ती, मागे खांदा धरून तो. साहेब पाहत राहिले आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, “खराडे, मोठा घोळ करून ठेवलात.”

“शुद्धिपत्रक काढू या साहेब. एका ओळीचं काम आहे.”

“एका ओळीचं?” ते वळले. “हयात माणसाच्या नावाने पुरस्कार देता येत नाही. नियम आहे. बाई जिवंत म्हणजे पुरस्कार रद्द. पुरस्कार रद्द म्हणजे येत्या शुक्रवारचा कार्यक्रम रद्द. मंत्र्यांनी वेळ दिलाय, नाट्यगृह घेतलंय, पत्रिका छापल्यात. मग वरून विचारणा येणार, चूक कुणाची. तुमची कायम व्हायची फाईल कुठे आहे सध्या?”

“आपल्याच टेबलावर साहेब.”

“बघा मग.” ते खुर्चीत बसले. “मी नाही म्हणत नाही हो. शुक्रवार होऊन जाऊ दे. मग बाईला सांगा, तलाठ्याकडून हयातीचा दाखला आणा. आपण वर लिहू.”

तलाठ्याकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. त्याने शासन निर्णय वाचला आणि कागद परत दिला. “शासन म्हणतंय मयत, आणि मी कोण हयात म्हणणारा? तुम्ही आधी दुरुस्ती आणा, मी पाच मिनिटांत दाखला देतो.” म्हणजे दुरुस्तीला दाखला हवा आणि दाखल्याला दुरुस्ती. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण बाईकडे सोळांतले पंधराच दिवस उरले होते.

संध्याकाळी मी धर्मशाळेत गेलो. महादेवाच्या देवळामागे दगडी ओवऱ्या होत्या. निम्म्या पाडून झाल्या होत्या, उरलेल्यांतल्या शेवटच्या ओवरीत ही दोघं. तीन दगडांची चूल, एक वळकटी, खुंटीला कापडात गुंडाळलेला डफ. पाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून एक पितळी दिसणारा पत्रा होता. तायप्पाने मला पाणी द्यायला तो उचलला तेव्हा कळलं, तो पितळी नव्हता, तांब्याचा होता. त्यावर राजमुद्रा होती. दिल्लीचा ताम्रपट.

“चांगलं झाकाण हाय,” माझी नजर पाहून अक्का म्हणाली. “पाण्यात किडा-मुंगी पडत न्हाई. दिल्लीनं दिल्येलं तेवडंच कामाला आलं.” आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती गुडघ्यात डोकं घालून श्वास ओढत राहिली. तायप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. चाळीस वर्षं हा माणूस तिच्या मागे उभा राहून झील धरत आला होता. झील म्हणजे पुढचा शाहीर दम घेतो तेव्हा मागच्याने उंच सुरात उचलायचं पालुपद. आता तिचा दमच संपत आला होता आणि त्याला उचलायला काही उरलं नव्हतं.

“अक्का, शुक्रवारपर्यंत थांबा,” मी म्हणालो. “त्यानंतर सगळं नीट करतो.”

“सुक्कीरवारी काय हाय?”

मी म्हणालो, “एक सरकारी कार्यक्रम आहे. साहेब त्या गडबडीत आहेत.”

ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने खुंटीकडे बोट केलं, तायप्पाने डफ काढून दिला. तिने वाजवला नाही, नुसता मांडीवर ठेवला.

“तुला येक सवाल घालते,” ती म्हणाली. अहो-जाहो आणि सायेब दोन्ही गेलं होतं. “जित्या माणसाला कागदावर मारलं, तर सुतक कुणाला?”

देवळात कुणीतरी घंटा वाजवून गेलं.

“फडात जवाब आला न्हाई, की शाहिरानं डफ पालथा ठिवून उठून जायाचं असतं,” ती म्हणाली. “तुज्यापाशी डफ न्हाई. तू तसाच जा.”

शुक्रवारी सकाळी अकराला कार्यक्रम होता. मला नाट्यगृहाच्या दारात पत्रिका तपासायला उभं केलं होतं. आत रंगमंचावर बायजाबाईचा पुरुषभर उंचीचा फोटो लावला होता, धड्यातलाच, डफ डोक्यावर धरलेला. त्याला झेंडूचा हार, समोर समई. मंत्र्यांची गाडी आली, गलांडे साहेब पुढे धावले, सनई वाजली. सगळे आत गेले आणि मी दार लावायला वळलो, तर पायरीवर ती दोघं उभी.

अक्काने लुगडं बदललं होतं. तेही जुनंच, पण धुतलेलं.

“पत्रिका न्हाई आमच्याकडं,” ती म्हणाली. “गावात समदीकडं फलक लागल्यात. तायप्पाला वाचता येत न्हाई, मलाबी न्हाई. पर माजा फोटू मला वळकू येतो. आत सोडतोस का?”

मी दार उघडलं आणि त्यांना शेवटच्या रांगेत, कडेच्या दोन खुर्च्यांवर नेऊन बसवलं. स्वतः त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. वाटत होतं, ती आत्ता उठून ओरडेल आणि सगळा डाव उघडा पडेल. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. तिने ओरडावं म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

निवेदकाने श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहायची विनंती केली. खुर्च्या वाजल्या, अख्खं नाट्यगृह उभं राहिलं.

अक्काही उठली. समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून, तायप्पाला हाताने उठवून, ती उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. त्या शांततेत तिच्या छातीची घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मागे वळून त्रासिक नजरेने पाहिलंसुद्धा, श्रद्धांजलीत कोण एवढा आवाज करतंय म्हणून. मला त्या दोन मिनिटांत पुढे पळत जायचं होतं, ध्वनिक्षेपक हिसकावून घ्यायचा होता. पाय भिंतीपासून सुटले नाहीत. माझी फाईल साहेबांच्या टेबलावर होती, आणि मी भित्रा होतो. दुसरं काही कारण नव्हतं.

मंत्री बोलायला उभे राहिले. बरं बोलले, अभ्यास करून आले होते. “आज बायजाबाई असत्या,” ते म्हणाले, “तर हा सोहळा पाहून त्यांचे डोळे भरून आले असते. पण अशी माणसं जिवंत असताना आपल्याला कळत नाहीत, ही आपली शोकांतिका आहे.” टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत अक्काने तायप्पाला विचारलं, “काय म्हणला रं?” तो म्हणाला, “चांगलं म्हणला.”

मग ज्याला पुरस्कार होता तो शाहीर पुढे आला. चाळिशीचा, जरीचा फेटा बांधलेला. बायजाबाईंना त्यांच्याच सवालाने वंदन करतो असं म्हणून त्याने डफावर थाप मारली आणि सुरू केलं:

‘एका घरी दोन पाहुणे, एक येतो एक जातो रं,
येणारा ना पुसे कुणाला, जाणारा ना सांगतो रं…’

या सवालाचा जवाब आहे श्वास. आत येणारा आणि बाहेर जाणारा. सहावीच्या धड्यात हा सवाल होता. पण पुढची झील धड्यात नव्हती. शाहीर तिथे येऊन अडला. मागे उभ्या साथीदारांनी एकमेकांकडे पाहिलं. डफ नुसताच वाजत राहिला.

आणि माझ्या पुढ्यातून, शेवटच्या रांगेतून, उंच, खणखणीत झील उठली:

‘सांग शाहिरा, जी जी, मग घरधनी कोण होतो रं!’

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. चाळीस वर्षं अक्काचा दम संपला की तायप्पाने उचलायचं, हे त्याच्या हाडात गेलं होतं. झील रिकामी पडलेली त्याला सोसली नसावी. कार्यक्रम कुणाचा, कशाचा, याचं भान त्याला उरलं नाही. आपले अधू डोळे मिटून, मान वर करून तो गात होता. अख्खं सभागृह मागे वळलं.

मी म्हटलं, आता. आता त्यांना कळेल.

अक्का उठली. तिने पदर मागे टाकला आणि तोंड उघडलं. पुढची ओळ तिची होती, जगात फक्त तिची. पण आवाज आला नाही. नुसता श्वास आला, शिट्टीसारखा, आणि मागोमाग खोकला. ती खोकत राहिली, वाकून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. एक स्वयंसेवक धावत आला. “आजी, बाहेर जाऊन खोका. बाबा, बसा खाली, कार्यक्रम चालू आहे.”

रंगमंचावरून मंत्र्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. “असू द्या, असू द्या,” ते कौतुकाने म्हणाले. “बघा, बायजाबाई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खेड्यापाड्यातला रसिक त्यांना विसरलेला नाही. या आजी-आजोबांसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत.”

आणि टाळ्या झाल्या. आठशे माणसांनी तिच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या, तिच्या माघारी नाही, तोंडासमोर. त्यांच्या पाठीशी तिचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. एकालाही ती ओळखू आली नाही. टाळ्या पडल्यावर शाहिराची सवय म्हणून असेल, अक्काने खोकता खोकता हात जोडले.

ती दोघं बाहेर पडली, मी त्यांच्या मागे गेलो. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उन्हात ती बसली होती. श्वास जरा खाली बसला होता. मी तिच्यासमोर, दोन पायऱ्या खाली बसलो.

“अक्का, तुम्ही सांगायला हवं होतं. उभं राहून म्हणायला हवं होतं, मीच बायजाबाई.”

“म्हणाय उठले हुते की,” ती म्हणाली. “त्वांड उगाडलं. आवाज आला न्हाई. आवाज न्हाई तर बायजा कशाची?”

“आणि श्रद्धांजलीला का उभ्या राहिलात?”

“समदी सभा हुबी ऱ्हाते तवा शाहिरानं बसू ने. माज्या गुरूनं शिकिवलंय.” ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, “तूच लिवलंस न्हवं माजं मरण?”

मी मान वर केली नाही.

“पयल्या दिशीच कळलं. मी म्हणले कुणी लिवलंय त्येला बगाय आले, आन तू त्ये कागद वहीनं झाकलंस. चोर घरात न्हाई, तर कागद कशापाय झाकंल?”

“चुकून झालं अक्का. मला वाटलं…” मला पुढे रडू आलं. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी हमसून हमसून रडलो. ती बघत राहिली. मला शिव्या दिल्या नाहीत, डोक्यावरून हातही फिरवला नाही.

“रडून काय हुतंय,” ती म्हणाली. “लिवलंस तसं पुसून टाक. जिती लिव. माज्यापाय न्हाई, मला कुटंबी मरता येतंय. पर त्या कागदावर संगट एक साथीदार हाय. माज्यामागं ह्येला खाट कोण दील? झील धरणाऱ्याला सरकार कलावंत म्हणत न्हाई. मी मेले की ह्यो बी मेला.”

तायप्पा शेजारी बसून टोपीने वारा घेत होता. ऐकत होता की नव्हता, कळलं नाही.

त्याच दुपारी मी टंकलेखन यंत्रावर बसलो आणि टिपणी लिहिली. ‘सदर चूक माझ्या हातून झालेली असून श्रीमती बायजाबाई लेंगरेकर हयात आहेत, मी त्यांना समक्ष पाहिले आहे.’ खाली माझी सही. गलांडे साहेबांनी ती दोनदा वाचली. “कायम व्हायचं विसरा आता,” ते म्हणाले, आणि मग मला आश्चर्य वाटलं, त्यांनीही खाली सही केली. टिपणी मुंबईला गेली. तिथून प्रश्न आला, उत्तर गेलं, परत प्रश्न आला.

दत्तजयंती आली. पंचांनी ओवरी पाडली. मी माझ्या खोलीवर चला म्हणालो, दोनदा म्हणालो. अक्का म्हणाली, “खाटंचा कागद घिऊन ये, मग येते.” ती दोघं देवळाच्या उघड्या मंडपात वळकटी टाकून राहिली. त्या वर्षी थंडी कडक होती. कार्यक्रमानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी गेलो, तर तायप्पा तिच्या उशाशी बसला होता. म्हणाला, “अक्कानं दम घेतला, सायेब. मी वाट बगतोय.” त्याला कळलं होतं, पण त्याला दुसरं कसं सांगायचं ते ठाऊक नव्हतं.

खांदा द्यायला आम्ही पाच जण होतो: मी, तायप्पा, देवळाचा पुजारी, आणि पाडकामावरचे दोन गवंडी. गलांडे साहेब स्मशानात आले, लांब उभे राहिले. मृत्यूची नोंद करायला मी गेलो, तर तिथला कारकून नाव ऐकून म्हणाला, “या बाईंचं मरण शासनाच्या कागदावर आधीच आहे. पेपरातपण आलं होतं. दुसऱ्यांदा कशी मारू?” त्याने नोंद घेतली नाही. मीही पुन्हा गेलो नाही.

वरातीमागून घोडं यावं तसं शुद्धिपत्रक तीन महिन्यांनी आलं. ‘कै. ऐवजी श्रीमती असे वाचावे.’ सोबत निवासाचं नवं पत्र: खाट क्रमांक सात, श्रीमती बायजाबाई लेंगरेकर, सोबत एक साथीदार. बाई वारल्याची एक ओळ लिहिली की खाट रद्द होणार होती. मी लिहिली नाही. पत्र घेतलं, देवळात गेलो, तायप्पाचा हात धरला आणि त्याला निवासात नेऊन सोडलं. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी पत्र वाचलं. “आणि बायजाबाई?” त्यांनी विचारलं.

“हाय जी,” तायप्पा म्हणाला, झिलेच्या उंच सुरात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि रजिस्टरात खूण केली.

दर नोव्हेंबरात हयातीचा कागद यायचा आणि मी त्यावर लिहायचो: ‘समक्ष पाहिले. हयात आहेत.’ सही खोटी होती, तरी ‘समक्ष’ जाणं तेवढं खरं असावं म्हणून प्रत्येक वेळी स्वतः निवासात जायचो. तायप्पा त्या खाटेवर कधी झोपला नाही. खाली फरशीवर वळकटी टाकायचा. खाटेवर चादर घातलेली, उशी ठेवलेली, आणि मधोमध तिचा डफ, उताणा. “वर अक्का हाय न्हवं,” तो म्हणायचा. सात हिवाळे तो असा झोपला.

आठव्या वर्षी निवासातून पत्र आलं. साथीदार वारला. खाट क्रमांक सातची स्थिती कळवावी.

त्या दिवशी मी यंत्रात कागद घातला आणि बायजाबाईच्या नावाआधी, दुसऱ्यांदा, एक अक्षर आणि एक टिंब उमटवलं. घरी आलो, अंघोळ केली, कुणाशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, “असे काय राहताय? कार्यालयात चालतं का हे?”

“सुतक आहे,” मी म्हणालो.

“घरात सुतक, आणि मला पत्ता नाही?” ती घाबरून उभी राहिली. “कुणाला आलंय सुतक?”

“मला,” मी म्हणालो.